ट्यूबचा पट्टा

नाही मॅडम, तो पट्टा काढायचा नाही. तुम्ही आज नवीन आलात, तुम्हाला माहीत नसणार म्हणून सांगतो, रागावू नका — माझ्या पोरीच्या, बारकीच्या गुडघ्यांवर तो काळा पट्टा दिसतोय ना, तो मी स्वतः कापलाय. सायकलच्या ट्यूबचा. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे माझं, ट्यूबला काय तोटा! बाजारात मिळतात रंगीबेरंगी, पण त्यांच्यात दम नसतो, चार दिवसांत सैल पडतात. हा पडत नाही. आता तुम्ही म्हणाल, याला पोहण्यातलं काय कळतं? काही कळत नाही, खोटं कशाला बोलू, मी कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा उतरत नाही. पण आधीच्या सरांनीच सांगितलं होतं — ब्रेस्टस्ट्रोकची किक मारताना हिचे गुडघे फार फाकतात, सगळा जोर तिथंच वाया जातो, गुडघ्यांच्या वर एक रबरी पट्टा अडकवा, म्हणजे फाकायला लागले की तिचं तिलाच जाणवेल. मग काय! मला लगेच समजलं. चाकाचा आउट काढतात तसंच की हे! चाक एका अंगाला जातंय? दुसऱ्या अंगाच्या तारा आवळा. अजून जातंय? अजून आवळा. सरळ येतंच — न येणारं चाक मी अजून पाहिलं नाही.

काय? थोडाच वेळ घालायचा असतो? हो, सरही तेच म्हणायचे — सैल ठेवा, दोन-चार फेऱ्या मारल्या की काढा, तो नुसता आठवण करून द्यायला असतो. पण मॅडम, आठवण टिकते किती वेळ? काढला की पुन्हा फाकले! म्हणून मी डोकं चालवलं. घरीसुद्धा घालायचा. अभ्यासाला बसताना, जिना चढताना, झोपताना — हो, झोपतानासुद्धा, अंगवळणी पडायला नको का? सरांना कळलं तेव्हा त्यांनी असं तोंड केलं, जसं काही मी पोरीला कोंडूनच ठेवलंय. गेले ते बदली होऊन, बरं झालं. आणि पट्टा जरा सैल वाटला की मी नवा कापतो, आधीच्यापेक्षा थोडा लहान. — वेळ? वेळ सुधारली की! सुरुवातीला सुधारली. हल्ली जरा मागे पडलीय, ते खरंय. म्हणूनच तर परत आवळला ना. निवड चाचणी तोंडावर आलीय, आता नाही आवळायचा तर कधी?

पावलं बाहेर वळत नाहीत? म्हणजे — गुडघे बांधून ठेवलेत, म्हणून पावलं बाहेर न्यायला ती गुडघाच आतून पिळते, असं म्हणताय? असेल बाई, तुम्ही शिकलेल्या. पण तिची तक्रार नाही. एकदाही नाही! आमच्या घरात ‘दुखतंय’ हा शब्दच नाही, मॅडम. लहान होती तेव्हा यायची रडत, पडले म्हणून, लागलं म्हणून — मी सांगायचो, दुखतंय म्हटलं की जास्त दुखतं. हसत उठली की शाबासकी, रडली की मी तोंड फिरवून बसायचो. आता बघा, तोंडातून ब्र काढत नाही. आईवर गेलीय अगदी. हिची आई — काय बाई होती! शिवणयंत्रावर बसायची पोटाशी उशी धरून. मी विचारायचो, उशी कशाला गं? तर हसायची. बरं वाटतं म्हणायची. दुखतंय का गं? — कुठं काय! शेवटपर्यंत तेच, कुठं काय. डॉक्टर माझ्यावर ओरडले, एवढं होईपर्यंत तुम्ही करत काय होतात म्हणाले. मी काय करणार? विचारत होतो मी, रोज विचारत होतो! नाही म्हणणाऱ्या माणसाला काय ओढत दवाखान्यात न्यायचं? — जाऊ दे. कुठला विषय कुठं निघाला.

ती बघा, काठाशी आली. ये गं बारके, ये वर, नव्या मॅडम आल्यात. — तुम्ही शिडीकडे काय बघताय? ती हल्ली तशीच चढते. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मग पुढची पायरी. पट्टा असतो ना, म्हणून — नाही, पट्टा तर हातात आहे तिच्या. मग... थंडीनं आखडले असतील. घरी जिनासुद्धा अशीच उतरते, कठड्याला धरून, आडवी. मी म्हटलं नखरे असतील, वयच आहे नखऱ्यांचं. — कुठला? उजवा? सुजलाय कुठं, ओला आहे म्हणून तसा... थांबा. थांबा जरा.

बारके, इकडे बघ. दुखतंय का गं गुडघा?

ऐकलंत ना? ‘कुठं काय, बाबा.’ हसून म्हणाली, ऐकलंत ना तुम्ही? कुठं काय.

मॅडम, हिची आई गेली तेव्हा ही पाळण्यात होती. आईचं बोलणं हिनं कधी ऐकलेलंच नाही. मी तरी आई काय म्हणायची ते हिला कधी सांगितलं नाही. मग ही कुठून — कुठून शिकली ही असं म्हणायला? त्या घरात मी एकटाच तर होतो.

तो पट्टा घ्या तिच्या हातातून, द्या इकडे. आणि तुम्ही विचारा तिला. नाही, आत्ता नको, माझ्यासमोर नको. मी बाहेर जातो, सायकलपाशी उभा राहतो. मी इथं असलो की ती नाहीच म्हणणार.