वैनीची पुडी

बोंबलाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. साठच्या दशकात मी मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेत होतो. आमच्याकडे नवंकोरं गॅस क्रोमॅटोग्राफ आलं होतं. खाण्याच्या जिनसांचा अर्क त्यात टोचायचा. कीटकनाशक असलं, की यंत्राचं पेन कागदावर डोंगर काढायचं.

नमुने आणायला मी काशीदला गेलो. हिराबाई कोळणीने सुके बोंबील दिले, वर एक पुडी हातात कोंबली. "ही घरी वैनीला."

नमुना यंत्रात टोचला आणि पेन जे वर चढलं, ते कागदाबाहेरच गेलं. डीडीटी! गावचा सगळा माल बंद पाडायचा, असं ठरवूनच मी तणतणत परत काशीद गाठलं.

"हिराबाई, बोंबलांना डीडीटी लावता?"

"व्हय. हिवतापवाले घरात मारतात ती पावडर."

"लोकांना विष घालता?"

ती उसळली. "लोकांना कशाला घालू? बाजारच्या मालाला मी निस्तं ऊन दावते. तुझा माल सरकारात जायचा! वाटेत माशी बसली असती तर गावाची अब्रू गेली असती. म्हणून मुद्दाम लावली."

मला हसू आवरेना. मग एकदम आठवलं. "आणि ती वैनीची पुडी?"

हिराबाईचा आवाज मायेने भिजला. "ती तर घरची. तिला दोनदा चोळली. लागला का एक तरी किडा?"

"नाही," मी म्हणालो. किडा कुठला लागतोय! त्या पुडीतल्या बोंबलांचं कालवण ओरपल्यापासून मला डाससुद्धा चावला नव्हता.