वारुळावरची अळंबी

टोकावड्याच्या एसटी थांब्यावर ओल्या अळंबीचा वास आला आणि माझं माहेरचं रान आठवलं. अळंबीची पाटी घेऊन बसलेली बाई शेजारच्या कॅमेरावाल्या मुलीला विचारत होती,

"दाखव गो, कसला फोटो काढलास?"

"रानातल्या अळंबीचा, मावशी."

"आन् ह्यो मागचा पळस? ही तं आमची जागा! मी सख्ख्या जावेला पन दाखवली नाय. कोनाला धाडलास?"

"अजून कोणालाच नाही."

"पाड्यावरच्या बायांनी बघितला तं उद्या माझी पाटी रिकामी. पुस तो."

"पुसला. बघा."

"आता खरं सांग, तिथं पोचलीस कशी?"

"तुमच्या मागून. तुम्ही सारख्या मागे वळून बघत होतात, तेव्हाच वाटलं, पुढे काहीतरी असणार."