ग्राफिक कार्डाऐवजी काय चालेल?

...आणि त्या रात्री झोप कशी लागावी हो? तुम्हीच सांगा! शेजारी चार वर्षांची पोर, नाक चोंदलेलं, घुर्र घुर्र श्वास घेतेय, आणि तिची आई, म्हणजे मी, छताकडे बघत कसला विचार करतेय? तर ग्राफिक कार्ड आठ जीबीचं घ्यावं की बारा जीबीचं! हिला वाफ द्यायला हवी हे मला कधी सुचलं? बारा जीबीचा विचार संपल्यावर! चांगल्या आया मुलांच्या तापानं जागतात, मी कंप्यूटरच्या पंख्यानं जागते, की एक पंखा पुरेल का दोन लागतील...

आता तुम्ही म्हणाल, एवढा कंप्यूटर हवा होता कशाला? थांबा. सांगते. आम्ही राहतो शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत. सासरे, म्हणजे आमचे बाबा, रत्नाकरशास्त्री, महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांचे पिढीजात उपाध्याय. नवरा, अनिमेष, बँकेत. मी जबलपूरहून लग्न होऊन आले ती व्हिडिओ एडिटिंगचा डिप्लोमा आणि एक लॅपटॉप घेऊन. डिप्लोम्याची इथे कुणाला गरज पडली नाही, लॅपटॉपची पडली, कारण त्यावर पंचांग मोठ्या अक्षरांत दिसतं. इरा झाल्यावर घरी बसून एका स्टुडिओसाठी लग्नांचे व्हिडिओ जोडायला लागले, तर घरात त्याला नाव काय? "वैदेहीचं ते चालू असतं ना काहीतरी." ते! काहीतरी! माझ्या धंद्याला साधं नामसुद्धा मिळालं नाही हो, सर्वनामावर भागवलं!

आणि मग आल्या शरदिनीताई. नागपूरच्या. वडिलांची, अप्पांची, सहस्रचंद्रदर्शनाची शांत काशीतच करायची, आमच्या बाबांच्याच हातून करायची, आणि शूटिंगचं विचारलं तर म्हणाल्या, "तुमची सून करते ना व्हिडिओचं? मग तिलाच देऊ." करते! क्रियापद वापरलं हो कुणीतरी माझ्यासाठी! "अप्पांच्या वाढदिवसाला सगळ्या गोतावळ्यासमोर लावायचंय, तोवर देशील ना?" मी म्हटलं, देते. म्हणजे तोंड म्हणालं, मी नव्हे. आणि तोंडाला काय जातंय? हे नीट झालं तर त्यांच्या ओळखीतली आणखी कामं मिळणार. नाही झालं तर मी मरेपर्यंत "ते काहीतरी".

तर तीन कॅमेरे लावून शांत शूट केली. फोरके! म्हणजे चित्र इतकं स्पष्ट, की बाबांच्या कानावरच्या केसांनासुद्धा आपापलं व्यक्तिमत्त्व! घरी आले, लॅपटॉपला फाइल दिली. बाबांनी पडद्यावर ॐ म्हणायला तोंड उघडलं... आणि ते उघडंच राहिलं. मी भात लावून आले, उघडंच. इराला भरवून आले, उघडंच. मागून खरे बाबा येऊन उभे राहिले. "हे काय? मी असा दिसतो?" म्हटलं, बाबा, लॅपटॉप अडकला. "मग माझ्याच तोंडावर का अडकला?"

तेव्हा मी, अगदी पदर बिदर सावरून, विचारलं, की बाबा, साडेचार तास आहे हो, यातलं थोडं कापलं तर...

"कापलं? संकल्प कापणार? एक अक्षर कमी झालं तर दोष कुणाला? यजमानाला!"

"पण बाबा, शांत होऊन गेली. हा नुसता व्हिडिओ आहे."

"मग? व्हिडिओला काय वेगळा वेद आहे?"

म्हणजे कात्री बंद! साडेचारचे साडेचार तास जोडायचे. म्हणून नवा कंप्यूटर.

अनिमेषला म्हटलं, कुठला घेऊ? "मला त्यातलं काय कळतं!" बरं, असं म्हणून झाल्यावर माणूस गप्प बसतो की नाही? छे! "पण एक्सेल फास्ट चालेल ना? आणि बघ हां वैदेही, साठ हजार. साठच्या वर गेलं तर मी बँक सोडून घाटावर छत्री लावून बसतो." बसायची जागा पिढीजात आहे ना, त्याचा जोर!

मग मी यूट्यूब उघडलं. आणि तिथेच सगळा घात झाला! एक पोरगा, मिशीचा अजून विचार चालू, मागे जांभळा उजेड, आणि मला सांगतोय, "देखिए, साठ में बन तो जाएगा, लेकिन अब जब ले ही रहे हो, तो थोड़ा और डाल दो..." थोडं आणखी टाकलं की मोठं कार्ड. मोठ्या कार्डाला मोठा पॉवर सप्लाय. मोठ्या पॉवर सप्लायला मोठा कॅबिनेट. त्यात गरम होणार, म्हणून कूलर. अहो, मी एक वस्तू आणायला निघाले तर ती सगळं माहेर बरोबर घेऊन येते! दुसरा मराठी पोरगा लावला, म्हटलं आपला माणूस आहे, समजून घेईल. "मित्रांनो, आता घेताच आहात, तर थोडं आणखी..." बंद केलं. परत लावलं. आणि बघता बघता माझं मन साठ हजारांतून निघून एक लाख दहाला जाऊन बसलं, आणि तिथून मला हाका मारतंय! खरे प्रोफेशनल काय वापरत असतील? त्यांच्याकडे बारा जीबी नसेल? आणि माझ्याकडे बारा नसेल तर मी कोण? काहीतरी!

शेवटी ठरलं, सिगऱ्याला जाऊन दुकानातच विचारायचं. तर बाबा म्हणाले, "मी येतो." म्हटलं, बाबा, तुम्ही कशाला? "घरात वस्तू यायची तर दिवस मी बघणार. आणि दिवस मी बघणार तर वस्तूही मीच बघणार." झालं! गोदौलियापर्यंत गल्लीतून चालत, तिथून टोटोत, म्हणजे बॅटरीच्या रिक्षात बसून, मी, बाबा, बाबांचं उपरणं आणि माझ्या मोबाइलमध्ये अठरा व्हिडिओंचा काढा.

दुकानात कुशल जायसवाल. गाल पानानं फुगलेला. "आइए गुरुजी, आइए भाभीजी, का सेवा करें?" म्हटलं, व्हिडिओ एडिटिंगसाठी कंप्यूटर पाहिजे.

"शादी-वादी का?"

"शांत का."

"शांत माने?"

"पूजा होती है. बुज़ुर्गों की."

"कितना लंबा शूट है?"

"साढ़े चार घंटा."

"और एडिट करके?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा दुकानाच्या छताकडे.

"...साढ़े चार घंटा."

त्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. सावकाश. "तो भाभीजी... आप एडिट क्या करती हैं?"

तुम्हाला सांगते, एवढा मोठा आध्यात्मिक प्रश्न मला काशीत कुणी विचारला नव्हता! काय करते मी? डिप्लोमा कशाचा केला? म्हटलं, भैया, तीन कैमरे हैं, कभी इधर से दिखाते हैं, कभी उधर से... "अच्छा अच्छा," तो म्हणाला, ज्या आवाजात डॉक्टर घरच्यांना बाहेर बोलावतात त्या आवाजात.

पण माणूस धंद्याचा. लगेच तीन प्रकार मांडले. एक साधारण, एक मध्यम, एक उत्तम. साधारणवर मी बोट ठेवलं, तसा त्याने चेहरा असा केला, जणू मी आपल्याच पोरीच्या लग्नात उसने कपडे घालून उभी आहे. "ले लीजिए, चल जाएगा. लेकिन अब जब ले ही रही हैं भाभीजी, तो थोड़ा और डाल दीजिए, प्रोसेसर अच्छा आ जाएगा." मी मान हलवली. "प्रोसेसर अच्छा लिया तो बोर्ड हल्का क्यों लें? थोड़ा और." मान हलवली. "और कार्ड तो लगेगा ही. आठ में क्या होगा? बारह लीजिए. रोज़-रोज़ थोड़े ही लेना है." माझी मान हलतेय हो! माझी मान, मीच हलवतेय, आणि मीच आतून ओरडतेय की अगं थांब, साठ गेले, सत्तर गेले, अनिमेष छत्री उघडतोय!

आणि एवढ्यात माझं लक्ष बाबांकडे गेलं. बाबांचे डोळे बारीक झाले होते. मान एका बाजूला. कीर्तनात दुसऱ्या बुवानं आपली चाल उचलली की पहिला बुवा कसा ऐकतो? तसे! कारण हा सूर आमच्या घरचा आहे हो! मी रोज ऐकते ना, ओसरीवरून. "यजमान, आता काशीला आलाच आहात, तर पितरांचंही करून टाका. पितरांचं करताच आहात, तर आजोळचं का ठेवता? आणि एवढं सगळं होतंच आहे, तर ब्राह्मणभोजनात थोडं आणखी... वारंवार का येणं होतं?" बिचारा यजमान आलेला असतो गंगेत एक बुडी मारायला, जाताना तीन पिढ्या मार्गी लावून जातो!

बाबांनी उपरणं सारखं केलं. स्टूल पुढे ओढलं. म्हणाले, "बेटा, गोदान जानते हो?"

"काहे नहीं जानेंगे गुरुजी, बनारस के हैं."

"जिसके पास गाय नहीं, वो क्या करता है?"

"गाय के बदले... दच्छिना धर देता है."

"और फल?"

"फल तो वही मिलता है, गुरुजी."

"हां. उसको हम प्रत्याम्नाय कहते हैं. मुख्य वस्तु न हो, तो उसकी जगह जो शास्त्र को चले, वो. हर चीज़ का होता है. अब तू इस कार्ड का प्रत्याम्नाय बता."

कुशलनं पान गिळलं. खरंच गिळलं. मग हात जोडून म्हणाला, "गुरुजी, पहले बता देते कि लाइन के आदमी हैं!"

आणि पुढचं ऐका. म्हणाला, "कार्ड छोड़िए. प्रोसेसर के अंदर जो ग्राफिक आता है, वही चलेगा. पैसा रैम में डालिए, बत्तीस जीबी, और एक बड़ी एसएसडी. और भाभीजी, प्रॉक्सी बना के काम कीजिए." म्हणजे काय, तर अवजड फायलींच्या हलक्या नकला करायच्या, सगळं काम त्या नकलांवर करायचं, आणि शेवटी व्हिडिओ निघताना मूळ फायली जागेवर. "फल वही!" म्हणाला, बाबांकडे बघत. आणि बाबांनी मान डोलावली, जणू हे त्यांनीच पोथीत वाचलं होतं.

आता खरं सांगू? मला माहीत होतं हो ते! प्रॉक्सी! डिप्लोम्याच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं! जुन्या लॅपटॉपमध्ये त्या नकला करण्याइतकाही जीव नव्हता ही गोष्ट वेगळी, पण नव्या कंप्यूटरच्या हिशेबात मला ती एकदाही आठवू नये? कारण मनात पक्कं बसलेलं, की हे गरिबाघरचे जुगाड, खरे प्रोफेशनल असलं काही करत नसणार. आणि ते करतात! सगळे करतात! मीच एकटी खरी गाय शोधत हिंडत होते!

साठच्या आत झालं. कुशल तरी सोडतो का? "अब जब ले ही रहे हैं, तो एक यूपीएस..." बाबा म्हणाले, "दे." आमच्या गल्लीत तारेवर माकड बसलं की वीज जाते, तिथे शास्त्र चालत नाही.

कंप्यूटर घरी आला, बाबांनी काढलेल्या दिवशी, बाबांनी काढलेल्या वेळी. हळदकुंकू झालं, फूल झालं, बाबांनी गंगाजळाची पळी उचलली तशी मी कॅबिनेटच्या आडवी झाले. "बाबा, माझ्यावर शिंपडा, त्याला पोचेल." प्रत्याम्नाय! मीही शिकले की नाही? मग बटण दाबलं, नकला केल्या, फाइल लावली, आणि बाबांनी पडद्यावर ॐ म्हणायला तोंड उघडलं... आणि मिटलं! मिटलं हो! मी रडले. अनिमेष म्हणाला, "एक्सेल उघडून बघ ना." बघा, आहे की नाही?

साडेचार तास जोडले. कधी इधर से, कधी उधर से. एक अक्षर कापलं नाही. वाढदिवसाच्या आठवडाभर आधी पाठवलं. आणि काल शरदिनीताईंचा व्हिडिओ कॉल आला. कौतुक ऐकायला बाबा शाल घेऊन शेजारी बसले, मांडीवर इरा.

"वैदेही, काय सुंदर केलंयस गं! एकदम प्रोफेशनल!"

म्हणाल्या! तो शब्द म्हणाल्या! माझ्या डोळ्यांसमोर जांभळा उजेड आला...

"फक्त एक कर. तीन मिनिटांचं करून देतेस? हॉलवर साडेचार तास कोण बसेल गं, अप्पाच झोपतील. मोठं आम्ही जपून ठेवू. आणि माझ्या नणंदेकडचं पण काम आहे, पण तिलाही असंच छोटं हवंय. जमेल ना?"

घ्या! महिनाभर सगळं जग मला थोडं आणखी, थोडं आणखी म्हणत होतं, आणि पहिल्यांदा कुणी थोडं कमी म्हणालं तर ते एवढं कमी? तीन मिनिटं तर मी मोबाइलवर कापली असती! पण ते जाऊ दे. बाबा शेजारी आहेत. हो म्हणावं तर घरात वेद बुडाला, नाही म्हणावं तर नणंद गेली, धंदा गेला, मी परत काहीतरी. बाबांनी शाल खांद्यावरून काढली. घडी घातली. कॅमेऱ्यात बघून म्हणाले,

"ताई, तीन मिनिटांत आचमनसुद्धा नीट होत नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र. उभ्या जन्मात मी यातलं एक अक्षर कापलेलं नाही, आणि माझ्या घरात ते कापलं जाणार नाही."

आणि आमची इरा, रोज सकाळी आजोबांचं बोट धरून घाटावर जाणारी आमची इरा, तिने मांडीतून मान वर केली, आणि पुन्हा चोंदलेल्या नाकाने, अगदी प्रेमाने म्हणाली,

"पण आजोबा, ते अंकल बोलले ना, ट्रेन छूट जाएगी, तेव्हा तर तुम्ही पोथीची इतकी सारी पानं एकदम पलटली. मैंने देखा था."