दोन टोल

मी, खाली सही करणारी, वय ५२ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बाजारामागची गल्ली, दवाखान्याच्या माडीवर, समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे वडील, वय ८१, असे दोघे राहतो. वडील समुद्राकाठच्या जुन्या बंगल्यात एकतीस वर्षे माळी होते. आता तिथे सांस्कृतिक केंद्र झाले असून बाग पाहायला तिकीट आहे. वडिलांना विसरण्याचा आजार आहे. कधी मला ओळखतात, कधी आत्या समजून रागावतात. बागेचे मात्र सगळे आठवते.

त्यांनी महिनाभर टुमणे लावले म्हणून आज दुपारी चार वाजता मी त्यांना तिथे नेले. अंगात पांढरा सदरा, पायात माझ्या चपला. घाईत त्यांनी माझ्याच घातल्या, मीही बदलायला लावल्या नाहीत.

बाग पाहून झाल्यावर त्यांना पायरीजवळच्या बाकावर बसवले व मी आत दिवाणखाना पाहायला गेले. तिथे एका फोटोत मालकांच्या मुलांमागे वडील झारी घेऊन उभे आहेत. खाली कुत्र्याचेसुद्धा नाव आहे, वडिलांचे नाही. नुसते ‘एक नोकर’. माझे डोके फिरले. तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईंशी मी दहा मिनिटे भांडले. त्या बिचारीचा काही दोष नव्हता. साडेपाचला बंद व्हायची घंटा झाली तेव्हाही माझे तोंड चालूच होते. बाहेर आले तर बाक रिकामा.

पहारेकऱ्याने खोल्या, बाग, स्वच्छतागृह सगळे पाहिले. फाटकातून ते गेले नाहीत असे तो सांगतो. मी हाका मारून घसा फोडला. पण वडील कामात असले की हाकेला ओ देत नाहीत, पहिल्यापासूनच. मग मी रिक्षाने इकडे पोलीस चौकीत आले.

येथे हवालदारांनी विचारले की, बंद झाल्याचे लोकांना कसे कळते. मी सांगितले, जुन्या पितळी घंटेचे दोन टोल देतात. एवढे बोलले आणि मला आठवले. मी त्या बागेत वाढले आहे. दोन टोल म्हणजे भरती आली, माळ्याने खाली जाऊन, बागेचे पाणी समुद्रात जाते त्या मोरीच्या तोंडावर फळी पाडावी. नाहीतर खारे पाणी उलटे बागेत शिरते, झाडे मरतात. आता मोरीकडे कुंपण घालून ‘प्रवेश बंद’ लिहिले आहे, म्हणून तिकडे कोणी पाहिले नाही. आणि ती फळी मी आजच दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली पाहिली. म्हणजे फळी मिळाली नाही म्हणून पाणी अडवायला ते स्वतःच मोरीच्या तोंडाशी उभे राहिले असणार. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. भरती सातला पूर्ण आहे.

माणसे खाली पाठवाच, पण आधी पहारेकऱ्याला एक टोल द्यायला सांगा. एक टोल म्हणजे काम झाले, वर या. हाकेला येणार नाहीत, टोलाला येतील. मला फार भीती वाटते आहे, हेही लिहा.

माझी कोणावर तक्रार नाही. मी त्यांना एकटे सोडले.

जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. सहीआधी एवढे वाढवावे. हवालदारांनी पहारेकऱ्याला फोन लावून टेबलावर चालू ठेवला आहे. सहा बेचाळीसला एक टोल ऐकू आला. मग बराच वेळ नुसता वारा. सहा बावन्नला कोणीतरी खोकून म्हणाले, “आलो, आलो. माझी फळी कुणी नेली रे?”

आवाज माझ्या वडिलांचा आहे. मी ओळखला.