कार्डावरचं नाव

बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यामुळे त्यांच्या कार्डांवर मुंबईचे पत्ते लिहिताना हातखंब्याचे टपालबाबू भास्करराव मेटाकुटीला येत. आज मात्र रांगेतलं बोलणं ऐकून त्यांचा टाक थांबला.

“सखू, ह्यो पत्ता कोनी लिवलान गो?”

“मीच.”

“तू? शिमग्यापर्यंत तर अंगठा उठवत हुतीस!”

“सुट्टीला आलेली कालेजातली उमाताई भर उन्हाची चालत येऊन आमच्या खळ्यात शिकवी. आमी म्हनलं, पत्रंच लिवून दे. तर म्हनली, मी पुन्याला गेल्यावर कोन लिवील?”

“आनि घोवाचं नाव? ते तिला कसं सांगितलंस?”

“सांगायचं कशाला? बाराखडी शिकले, नि माजं मीच लिवलं. तोंडानं घ्यायचं नाय, हाताला कोनाची बंदी?”

भास्कररावांनी सवयीनं विचारलं, “बाई, नवऱ्याचं नाव?”

सखूनं कार्ड पुढे सरकवलं.

“वाचा.”