चिमणीएवढं खाऊन अठ्ठ्याण्णव किलो

...नाय, तुमीच सांगा, उपाशी राहून माणूस फुगतो का? फुगतो! हा काय, समोर उभा हाय! आषाढापासून आमच्या बायकोनं, सुलूनं, मला दुधीचा रस पाजायला घेतलाय. भाकरी अर्धी, तळलेले बोंबील बंद... बोंबील, अहो! आणि काटा? ब्याण्णववरनं अठ्ठ्याण्णव! सुलू म्हणते, "बोईसरला कामावर जाऊन कॅन्टीनमधे चरत असणार!" अगं, कुठलं कॅन्टीन! आमचं ते माशांचं कोल्ड स्टोरेज, आत उणे अठरा, एकच बल्ब, तोही आजारी, आणि सुपरवायझर रामकिसन दिवसभर ओरडतो, "शांतारामभाऊ, धीरे! फिसल जाओगे!" म्हणजे चालायचं हळू, वळायचं हळू, शिंकायचं तेही हळू! आणि मी खातो किती? चिमणीएवढं!

तर परवा भाची आली आमच्या गावी, माकुणसारला, समिधा. समुद्रातल्या जनावरांचं शिकते ती, म्हणजे आपण खायचं ते तिनं नुसतं मोजायचं... असो! म्हणाली, "मामा, खोल समुद्रातली जनावरं अवाढव्य वाढतात. इथला किडा नखाएवढा, त्याचा तिथला भाऊबंद हातभर!" म्हटलं, का गं, खायला रग्गड मिळतं? "छे! खायलाच नसतं. थंडी, काळोख, सगळं संथ, म्हणून सावकाश वाढतच राहतात. आणि मोठ्या अंगाला उपास सोसतो. असा अंदाज आहे, नक्की कुणालाच माहीत नाही."

तुमाला सांगतो, मला रडूच आलं! थंडी? हाय! काळोख? हाय! संथ? रामकिसनला विचारा! उपास? सुलूला विचारा! म्हणजे माझा दोषच नाय! खातो किती? चिमणीएवढं!

तसाच छाती काढून गेलो चुलीपाशी. "सुलू, शास्त्र हाय! तुझ्या उपासानंच मी वाढतोय. टाक बोंबील तव्यावर, बघ कसा झरझर उतरतो!" आणि सुलूनं ऐकलं! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पहिल्यांदा ऐकलं! सुक्या बोंबलांचा डबा काढला, झाकण उघडलं, वास सुटला... आणि मागनं आमची हुशार समिधा, "मामी, गंमत सांगू? जपानच्या एका मत्स्यालयात तसला किडा पाच वर्षं काही न खाता जगला!"

झालं! झाकण बंद.

"पाच वर्षं?" सुलूनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग यांना अर्धी भाकरी तरी कशाला?"

म्हणून म्हणतो मंडळी, घरी या, बसा, पाणी घ्या... जेवायला मात्र पाच वर्षांनी या!