पन्नासची लेन्स

माझा जुना रोलचा कॅमेरा दुरुस्तीला टाकायला गेले होते. काउंटरवर माझ्या पुढे एक आजोबा आणि फोटोग्राफी शिकायला लागलेली त्यांची नात.

"आजोबा, ही लांबची घेते. कुठूनही चेहरा मोठा येतो."

"पहिली लेन्स पन्नास एमएमचीच घे."

"तिला झूम नाही. जवळ कसं जायचं?"

"देवाने पाय कशाला दिलेत?"

"वा! आणि स्वतः जन्मभर लांबचीच वापरलीत."

"म्हणून तर सांगतोय. तुझी आजी फोटो म्हटलं की तोंड आवळून ताठ बसायची. मग मी लांबूनच टिपायचो, तिच्या नकळत. मोठा शहाणा समजायचो स्वतःला."

"पण छान आलेत की ते! केस वाळवताना, वाचता वाचता डुलकी लागलेली..."

"छानच आहेत. ती गेल्यावर सगळे काढून बसलो. चाळीस वर्षांचे फोटो, पोरी. एकातही ती माझ्याकडे बघत नाहीये."

दुकानदाराने दोन्ही लेन्स पुसून ठेवल्या.

"काका, पन्नासची द्या. आजोबा, हिला किती जवळ जावं लागतं?"

"हळू हाक मारली तरी तिने वळून बघावं, इतकं."